अहल्येला ठाऊक होतं का, हा प्रश्नच चुकीचा आहे

सुजॉय घोष यांची 'अहल्या' ही बंगाली शॉर्ट फिल्म जुलै २०१५मध्ये यूट्यूबवर आली. लांबी साधारण चौदा मिनिटं. म्हणजे डबा खाता खाता बघून होते आणि हात धुवायच्या आत वाद सुरू होतो. वाद नेहमी शेवटावरून होतो. शेवटी नेमकं काय झालं? आणि बाईला सगळं आधीपासून ठाऊक होतं का?

इतकी वर्षं झाली, तरी या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच सगळे फिरतायत. माझं म्हणणं असं आहे की शेवट समजून घ्यायला तो प्रश्न लागतच नाही. किंबहुना तो विचारला की शेवट हातातून निसटतो. आणि आपण तो इतक्या उत्साहाने का विचारतो, याचं उत्तर फिल्मपेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतं.

फिल्म बघितली नसेल तर आधी बघून या. पुढे सगळं उघड करणार आहे.

गोष्ट एवढीच

इंद्र सेन हा पोलीस इन्स्पेक्टर. अर्जुन नावाचा एक मॉडेल बेपत्ता आहे. त्याच्या चौकशीसाठी इंद्र गौतम साधू या वयोवृद्ध, नामांकित कलावंताच्या घरी येतो. दार उघडते गौतमची तरुण बायको, अहल्या. इंद्राचं लक्ष चौकशीपेक्षा तिच्याकडेच जास्त. हे कोणी सांगावं लागत नाही, कॅमेरा त्याच्याच डोळ्यांनी बघत असतो. घरात मांडून ठेवलेल्या बाहुल्या आहेत, अगदी जिवंत माणसासारख्या. त्यातली एक हुबेहूब अर्जुनसारखी.

मग गौतम येतो आणि एका दगडाची गोष्ट सांगतो. हा दगड हातात घेतला की माणसाला हवं त्याचं रूप मिळतं. इंद्राला अर्थातच हसू येतं. गौतम म्हणतो, मग करून बघा. दगड घ्या, वर अहल्येकडे जा, ती तुम्हाला गौतमच समजेल. इंद्र जातो. आणि खरंच ती त्याला नवरा समजून बोलू लागते, जवळ येते. इंद्र आधी गोंधळतो. मग थांबत नाही.

त्यानंतर तो भानावर येतो तेव्हा त्याला हलता येत नाही. तो ओरडतो, पण आवाज बाहेर जात नाही. तो बाहुली झालेला असतो. अर्जुनचं काय झालं याचा तपास लागला, पण तपास अधिकारी आता पुराव्याच्या रांगेत उभा आहे.

गौतमच्या भूमिकेत सौमित्र चटर्जी आहेत, ही गंमत लक्षात घ्या. सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' (१९७४) आणि 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) या चित्रपटांत फेलुदा हा गुप्तहेर त्यांनीच साकारला होता. बंगाली प्रेक्षकाच्या मनात हा चेहरा म्हणजे गुन्हा उकलणारा माणूस. इथे तोच चेहरा गुन्हा लपवतो आणि पोलिसाला हसत हसत वर पाठवतो. तेव्हा 'पोलीस चांगला, संशयित वाईट' हा हिशोब या फिल्ममध्ये पहिल्यापासूनच चालणार नाही.

दोन तयार उत्तरं

शेवटाची दोन उत्तरं बाजारात तयार मिळतात.

पहिलं: हा सूड आहे. पुराणात इंद्राने फसवलं आणि दगड झाली अहल्या. इथे उलटं झालं, दगड इंद्र झाला. हिशोब चुकता. टाळ्या.

दुसरं: हा सापळा आहे. नवरा-बायको मिळून पुरुषांना गळाला लावतात. राधिका आपटेने, म्हणजे आपल्या पुण्यात वाढलेल्या त्या गुणी नटीने, ते हसू असं काही राखलंय की तिला काही ठाऊक नाही यावर विश्वासच बसत नाही. म्हणजे बाई कपटी, इंद्र बिचारा.

दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोघांचा पाया एकच आहे. दोन्हींमध्ये कर्ती अहल्या आहे. सूड तिचा, नाहीतर कपट तिचं. इंद्राच्या बाबतीत काहीतरी घडतं. तो काही करत नाही. तो जिना चढला, खोलीत गेला, थांबला नाही, ही तिन्ही क्रियापदं दोन्ही उत्तरांतून गायब आहेत.

मी ती परत आणू इच्छितो.

एक जुनं कलम

भारतीय दंड संहिता १८६०ची. तिचं कलम ३७५ बलात्काराची व्याख्या करतं. त्यात कोणत्या परिस्थितीत केलेला संबंध बलात्कार ठरतो याची यादी आहे. इच्छेविरुद्ध, संमतीशिवाय, भीती घालून मिळवलेली संमती, हे आपल्याला माहीत असतं. त्याच यादीत चौथं कलम आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्याचा आशय असा: स्त्रीने संमती दिली आहे, पण ती समोरच्याला आपला नवरा समजते म्हणून दिली आहे, आणि आपण तिचा नवरा नाही हे त्या पुरुषाला ठाऊक आहे. तर तो बलात्कार.

१ जुलै २०२४पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ६३मध्येही ही तरतूद जशीच्या तशी आहे.

आता पुन्हा 'अहल्या' आठवा. हे कलम वाचताना अंगावर काटा येतो, कारण ही तर त्या वरच्या खोलीचीच पटकथा आहे. एखाद्या माणसाला दुसऱ्या बाईचा नवरा बनून तिच्या खोलीत शिरता येईल ही शक्यता कायदा लिहिणाऱ्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी गृहीत धरली. जादूचा दगड पंचनाम्यात कसा नोंदवायचा ते पोलिसांनी बघावं. बाकी सगळे घटक जागच्या जागी आहेत.

आणि जिना चढणारा माणूस कोण? पोलीस इन्स्पेक्टर. ज्याला ही कलमं झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवीत तो.

नीट बघा, या कलमात स्त्री राजीखुशी आहे. ती ओरडत नाही, ढकलत नाही. कदाचित पुढाकार तिचाच असेल. 'पण तीच तर जवळ आली ना?' हा आक्षेप कलमाने आधीच ऐकून घेतलाय आणि निकालात काढलाय. हो, ती जवळ आली. तिच्या नवऱ्याच्या. तुझ्या नाही. आणि हे तुला माहीत होतं.

म्हणून माझ्या मते 'अहल्या'तला मुख्य गुन्हा अर्जुनचं बेपत्ता होणं नाही. तो फक्त इन्स्पेक्टरला दारापर्यंत आणायला ठेवलेला धागा आहे. खरा गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडतो, आणि आपण तो गुन्हा म्हणून मोजतही नाही. आपण पुढचा धक्का कधी बसतो याची वाट बघत असतो.

दोन्ही फांद्या एकाच जागी

'पण तिला ठाऊक असेल तर?' बरं, बघू.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे कधी कधी एखाद्या अटीवरून टीममध्ये तासभर भांडण होतं. ही अट खरी असेल तर असं, खोटी असेल तर तसं. मग कोणीतरी शांतपणे दोन्ही फांद्या उघडून दाखवतं, की दोन्हीकडे शेवटची ओळ एकच आहे. अट काढून टाका, काही फरक पडत नाही.

इथेही दोन्ही फांद्या उघडू.

समजा अहल्येला काहीच ठाऊक नव्हतं. तिला समोर नवराच दिसला. मग इंद्राने तिला फसवलं. चौथं कलम.

समजा तिला सगळं ठाऊक होतं. समोर इंद्र आहे हे तिला दिसत होतं आणि ती नाटक करत होती. आता कायद्याच्या अक्षरात इंद्र कदाचित सुटेल, कारण तिची संमती गैरसमजातून आलेली नाही. पण इंद्राला हे ठाऊक होतं का? नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे समोरची बाई त्याला गौतम समजत होती. ती फसली आहे अशी स्वतःची पूर्ण खात्री पटल्यावर तो पुढे गेला. त्याने जो निर्णय घेतला तो दोन्ही फांद्यांत अक्षरशः तोच आहे. जी माहिती त्याच्याकडे नव्हतीच, ती त्याच्या बचावाला कशी येईल?

म्हणजे अहल्येला ठाऊक असो वा नसो, इंद्राचा हिशोब बदलत नाही. अट काढून टाका.

आता उरतो सापळ्याचा आक्षेप. गौतमने त्याला पाठवलं, बिचारा मोहात पडला. खरंय, गौतमने पाठवलं. पण कशासाठी? ती ओळखते की नाही हे बघण्यासाठी. ती ओळखत नाही हे इंद्राला पहिल्या मिनिटात कळलं. प्रयोग तिथे संपला. दगड खाली ठेवून, जिना उतरून, 'मानलं तुम्हाला' म्हणता आलं असतं. पुढचं जे आहे ते प्रयोगाचा भाग नाही, तो त्याने स्वतः वाढवलेला भाग आहे. आणि कृपा करून 'भरलेलं ताट समोर आलं तर कोण नाही म्हणेल' हे म्हणू नका. ती ताट आहे असं वाटतं, इथेच तर सगळी भानगड आहे.

वाल्मीकी आपल्यापेक्षा मोकळे

गंमत म्हणजे 'तिला ठाऊक होतं का' हा प्रश्न फिल्मइतका नवा नाही. तो रामायणाइतका जुना आहे, आणि रामायणातच त्याची दोन उत्तरं आहेत.

बालकांडात विश्वामित्र रामाला ही कथा सांगतो. तिथे इंद्र गौतमाच्या वेषात येतो आणि अहल्या त्याला ओळखते. मुनीच्या वेषात हा देवराज आहे हे कळूनही ती कुतूहलापोटी होकार देते. उत्तरकांडात मात्र ती म्हणते की मी ओळखलं नाही, मला फसवलं गेलं. एकाच ग्रंथाच्या दोन टोकांना दोन जबान्या. बालकांडात ती दगडही होत नाही. कोणाला न दिसता, वारा पिऊन, राखेत पडून राहण्याचा शाप तिला मिळतो. शिळा आणि रामाची पायधूळ हे पुढच्या कथाकारांनी घट्ट केलं. बालकांडात तर तिचा शाप संपतो तेव्हा राम-लक्ष्मण तिच्या पाया पडतात. हे आपल्याला लहानपणी कोणी सांगितलेलं नसतं. आपल्या चित्रात पाय रामाचा असतो आणि दगड तिचा.

आता शिक्षा बघा. ओळखूनही होकार दिला या बालकांडातल्या रूपातसुद्धा इंद्राला सूट नाही. गौतम त्यालाही शाप देतो, त्याचे वृषण गळून पडतात. म्हणजे वाल्मीकींच्या गौतमाला एवढं कळत होतं की तिचं ठाऊक असणं हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. आपल्याला २०१५नंतरही ते कळत नाही.

पण शिक्षेचा कालावधी बघितला तर गंमत संपते. देव मेंढ्याचे वृषण लावून इंद्राची सोय करतात. त्याचं सिंहासन जात नाही. अहल्या वर्षानुवर्षं राखेत. गौतमाचं तर आपल्या महाराष्ट्रात ठाणंच आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर त्याच्या तपाने गोदावरी उतरली असं मानतात, म्हणून तिला गौतमी म्हणतात. त्याच्या नावाने नदी, तिच्या नावाने दगड. इतकी ही वाटणी सरळ आहे.

मग गौतमचं काय?

सूडवाल्यांना माझा प्रश्न आहे. हा सूड अहल्येचा असेल तर दगड कोणाच्या हातात आहे? घर कोणाचं, बाहुल्या कोणाच्या, प्रयोगाची अट कोणी घातली? सगळं गौतमचं. वर जायला परवानगी दिली तीही गौतमने. जणू ती देणं त्याच्या हातात आहे. अहल्येला विचारल्याचं आपल्याला एकदाही दिसत नाही.

इथेही तोच खेळ करून बघा. तिला ठाऊक नसेल, तर गौतमने आपल्या बायकोला तिच्या नकळत परक्या माणसासमोर आमिष म्हणून ठेवलं. ठाऊक असेल, तर ती या घरात काम करते, आणि कामाचं फळ नवऱ्याच्या कपाटात जातं. दोन्हीकडे तिचा सूड कुठे आहे? सूड घेणाऱ्याला निदान हत्यार तरी आपलं असावं लागतं.

आणि ज्या कलमाच्या जोरावर मी इंद्राला धरलं, त्याच कलमाकडे गौतमच्या बाजूने बघितलं की ते लाजिरवाणं दिसतं. नवऱ्याचं सोंग घेऊन आलेल्या परक्यापासून ते बाईला वाचवतं. खऱ्या नवऱ्यापासून मात्र नाही. पत्नी अठरा वर्षांखालची नसेल, तर नवऱ्याने तिच्या संमतीशिवाय केलेला संबंध बलात्कार नव्हे, असा अपवाद याच कलमात आहे आणि नव्या संहितेतही तो ठेवला गेला. म्हणजे तोतया नवरा गुन्हेगार, खरा नवरा मालक. 'अहल्या'तलं घर नेमकं याच कायद्यावर चालतं. बाहुली इंद्र होतो. गौतम सोफ्यावर बसलेला असतो.

म्हणून मला ही फिल्म स्त्रीच्या विजयाची वाटत नाही. ती दोन पुरुषांमधल्या एका पैजेची आहे. एक जण हरतो. बाई दोघांच्याही मधे उभी असते, आणि प्रेक्षक तिलाच विचारतात, 'तुला ठाऊक होतं ना?'

बाहुली का?

आता शेवटाचा अर्थ. इंद्राला मरण आलं असतं, वेड लागलं असतं, नोकरी गेली असती. बाहुलीच का?

दगडाने त्याला काय दिलं होतं ते आठवा. मी आत आहे, पण बाहेरून मी दिसत नाही. समोरच्याला दुसराच कोणीतरी दिसतो. याचा त्याने फायदा घेतला. बाहुली झाल्यावर काय बदललं? काहीच नाही. तो आत आहे, बाहेरून तो दिसत नाही. लोकांना दुसरंच काहीतरी दिसतं, एक शोभेची वस्तू. जे वरच्या खोलीत बक्षीस होतं, तेच खाली शिक्षा झालं. फरक इतकाच की आता त्याला आपण इंद्र आहोत हे सांगायचंय. वर सांगता येत होतं, तेव्हा त्याने ते गिळलं.

मराठी प्रेक्षकाला हा माणूस ओळखीचा वाटायला हवा. १९६२मध्ये रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये लखोबा लोखंडे नावं बदलून बायकांना फसवतो आणि कोर्टात उभा राहून शांतपणे नाकारतो. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा बघायला लोकांनी थिएटरं भरली. त्याची हुशारी, त्याचा बेरकीपणा यावर आपण दशकानुदशकं खूश आहोत. फसलेल्या बायकांची नावं मात्र नाटक आवडणाऱ्या दहा जणांना विचारा, किती जणांना आठवतात बघा. लखोबाला नाकारायला जीभ होती. 'अहल्या'ने तोतयाची जीभच काढून घेतली. तो आता 'तो मी नव्हेच' म्हणू शकत नाही, आणि 'तो मीच' असंही नाही.

दगड आता खिशात आहे

'थ्रिलर आहे यार, इतकं काय?' असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं.

हा दगड आता दुर्मीळ राहिलेला नाही. तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. दुसऱ्याचा फोटो लावून प्रोफाइल बनवायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याचा चेहरा तयार करून देणारी साधनं माझ्याच क्षेत्रातल्या लोकांनी बनवलीत, आणि ती दर महिन्याला सुधारतायत. कॉम्प्युटर वा फोन वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डनुसार गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम आहे. पण अशी एखादी बातमी आली की बघा, पहिली प्रतिक्रिया काय असते. 'तिला कळलं नाही का?' 'इतकी कशी भोळी?' 'कळलं असणारच, नंतर बोंब मारतेय.' सोंग घेणाऱ्याबद्दल शब्द नाही. तो जणू हवामान आहे, पाऊस पडतो तसा पडला.

आयटीत दरवर्षी लैंगिक छळ प्रतिबंधाचं ऑनलाइन प्रशिक्षण असतं. स्लाइड पुढे ढकलत ढकलत सगळे ते पूर्ण करतात आणि शेवटच्या प्रश्नमंजुषेत सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात. 'संमती म्हणजे काय' याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मग तेच लोक जेवणाच्या टेबलावर 'अहल्या'चा शेवट समजावून सांगतात, की इंद्राला बाईने अडकवला. प्रशिक्षण पास, चौदा मिनिटांची फिल्म नापास. खरी परीक्षा कोणती हे मी सांगायला नको.

फिल्मने अहल्येच्या मनात काय होतं ते सांगितलेलं नाही, आणि बरं केलं. ते झाकून ठेवलंय म्हणूनच आपण उघडे पडतो. दिग्दर्शकाने एका खोलीत एक पुरुष सोडला, त्याला सांगितलं की तू ओळखला जाणार नाहीस, आणि दार लावून घेतलं. बाहेर आपण उभे आहोत. आपल्याला त्या दारातून एकच गोष्ट नक्की दिसलेली आहे, ती म्हणजे आत गेलेल्या माणसाने काय केलं.

पुढच्या वेळी कोणी शेवट समजावून सांगायला लागलं, तर त्याला अहल्येबद्दल काही विचारू नका. एवढंच विचारा, दगड तुझ्या हातात असता तर तू जिना उतरला असतास का?